झटापट न करता कुत्र्या-मांजरांची नखं घरीच कशी कापावीत

नखाचं टोक उडवायला दोन सेकंद पुरतात. पण त्या दोन सेकंदांत कुत्र्याने किंवा मांजराने आपला पंजा आपल्या हातात निवांत ठेवला पाहिजे, आणि तो तसा ठेवायला शिकवायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. बहुतेक घरांत हे दोन-तीन आठवडेच गाळले जातात. मग एकजण धरतो, दुसरा कापतो, तिसरा ओरडतो, आणि पुढच्या वेळी कटर हातात घेतलेला दिसला की कुत्रा पलंगाखाली जातो. म्हणून या लेखात कापण्याआधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे. घाईत असलात तरी तो भाग वाचा, ही कळकळीची विनंती.

नखं वाढली तर काय बिघडतं?

कुत्रा उभा असताना लांब नख जमिनीवर टेकतं आणि बोटाला वर किंवा बाजूला ढकलतं. हे टोचणं टाळायला कुत्रा वजन मागे टाकतो, पाय ठेवण्याचा कोन बदलतो आणि सांध्यांवर नको तिथे ताण येतो. तरुण कुत्रा ते खपवून घेतो, म्हातारा नाही. गुळगुळीत फरशीवर तर आणखी पंचाईत होते. पंजाची गादी जमिनीला नीट टेकत नाही, पकड सुटते आणि पाय घसरतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फरशीवर फाकत असतील तर आधी त्याची नखं बघा.

ओळखायची सोपी खूण आहे. कुत्र्याला सपाट जमिनीवर सरळ उभं करा आणि नखाखालून कागद सरकवून बघा. कागद सहज गेला तर नखं ठीक आहेत. चालताना फरशीवर टकटक ऐकू येत असेल तर कागदाचीही गरज नाही.

एका नखाकडे हमखास दुर्लक्ष होतं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, थोडं वर, अंगठ्यासारखं बोट असतं. ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे त्याचं नख झिजत नाही आणि गोल वळत जातं. लांब केसांच्या कुत्र्यांत ते केसांत लपतं आणि वळून कातडीत रुतेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. काही कुत्र्यांना असं बोट मागच्या पायालाही असतं. ग्रेट पिरनीजसारख्या जातींत तर मागे दोन-दोन असतात. चारही पायांवरून बोट फिरवून मोजून घ्या.

नखाच्या आत

बाहेरचं टणक आवरण केराटिनचं असतं, त्यात जीव नसतो. आत जिव्हाळी असते, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कटर तिथे पोचला की रक्त येतं आणि चांगलंच दुखतं. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. काळ्या नखात बाहेरून काहीच कळत नाही, त्याबद्दल पुढे वेगळं सांगते.

नख वाढू दिलं की जिव्हाळीही त्याच्याबरोबर पुढे सरकते. वर्षभर न कापलेली नखं म्हणूनच एका बैठकीत आखूड होत नाहीत. तसा प्रयत्न केला तर रक्त ठरलेलंच. उलट, दर सात-दहा दिवसांनी अगदी थोडं टोक काढत गेलं की जिव्हाळी हळूहळू मागे हटते. लांब नखांवरचा उपाय हाच. एरवी कुत्र्यांची नखं साधारण तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात. खडबडीत रस्त्यावर रोज फिरणाऱ्याची थोडी उशिरा कापली तरी चालतात, त्यातही मागच्या पायांची नखं पुढच्यांपेक्षा जास्त झिजतात.

साधनं

कात्रीसारखा कटर बहुतेक कुत्र्यांना चालतो, मोठ्या आणि जाड नखांना तर तोच बरा. दुसऱ्या प्रकारात नख एका गोल छिद्रात घालून दांडा दाबायचा असतो. तो लहान-मध्यम नखांना ठीक, पण वळलेलं नख त्यात शिरत नाही. मांजरांसाठी छोटी, अर्धगोल पात्यांची कात्री मिळते. माणसांचा नेलकटर वापरू नका. तो सपाट नखांसाठी बनवलेला असतो, गोल नख त्यात चेपलं जातं आणि चिरतं.

प्रकार कोणताही घ्या, पातं धारदार हवं. बोथट पातं नख कापण्याआधी दाबतं, आणि जिव्हाळीला धक्का लागला नाही तरी त्या दाबाने दुखतं. ‘इतके दिवस नीट कापू द्यायचा, आता काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा बोथट कटरमध्ये सापडतं.

विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरने नख घासून आखूड करता येतं. एका झटक्यात जास्त कापलं जाण्याची भीती त्यात कमी असते. मात्र त्याचा आवाज आणि कंप यांची सवय वेगळी लावावी लागते. घासताना नख तापतं, त्यामुळे एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. पंजावरचे लांब केस फिरत्या टोकात अडकणार नाहीत, हेही बघा.

याशिवाय भरपूर उजेड, पायाखाली न घसरणारी चटई, आवडता खाऊ आणि रक्त थांबवणारी पावडर हाताशी ठेवा. औषधांच्या दुकानात ती स्टिप्टिक पावडर म्हणून मिळते. नसेल तर कॉर्नफ्लोर. पावडरचं झाकण आधीच उघडून ठेवा. रक्त आल्यावर एका हाताने झाकण उघडत बसणं फार त्रासाचं होतं.

आधी पंजाची ओळख

हे टप्पे रोज एक-दोन मिनिटं करा, त्याहून जास्त नाही. कटर अजून कपाटातच राहू द्या.

1. कुत्रा आरामात बसलेला असताना खांद्यावर हात ठेवा, तो सावकाश पंजापर्यंत न्या, काढा आणि लगेच खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊ आधी दाखवला तर थोड्याच दिवसांत खाऊ दिसला की त्याला संशय येऊ लागतो.

2. पंजा हातात घ्या, क्षणभर धरा, सोडा, खाऊ. धरण्याचा वेळ हळूहळू वाढवा. कुत्र्याने पंजा ओढून घेतला तर सोडून द्या आणि पुढच्या वेळी कमी वेळ धरा.

3. एकेक बोट वेगळं करा, गादी हलकेच दाबा, नखाला बोट लावा.

4. आता कटर बाहेर काढा. फक्त जमिनीवर ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या, खाऊ द्या. मग हातात घेऊन दाखवा. मग बंद कटर नखाला टेकवा.

5. कटचा आवाज. कच्च्या स्पॅगेटीची काडी त्याच्यापासून थोडी लांब कापा. आवाज नख कापल्यासारखाच येतो. प्रत्येक ‘कट’नंतर खाऊ. मग हळूहळू जवळ या.

6. एक नख. फक्त एक, तेही टोकाचा कण. मग भरपूर खाऊ आणि त्या दिवसाचं काम संपलं.

एखादं पिल्लू हे सगळं चार दिवसांत पार करतं. वाईट अनुभव घेतलेला मोठा कुत्रा तिसऱ्या टप्प्यावर पंधरा दिवस थांबू शकतो. थांबू द्या. ज्या टप्प्यावर तो अवघडतो त्याच्या एक पायरी खाली या आणि तिथून पुन्हा वर चढा.

प्रशिक्षक चिराग पटेल यांचा ‘बकेट गेम’ याच कामासाठी मला फार उपयोगी वाटतो. खाऊने भरलेला डबा कुत्र्यासमोर ठेवायचा. आधी त्याला शिकवायचं की डब्याकडे शांतपणे बघत राहिलं की त्यातला खाऊ मिळतो. ते जमलं की तो डब्याकडे बघत असेपर्यंतच पंजाला हात लावायचा. त्याने नजर वळवली की त्या क्षणी हात काढायचा. नजर पुन्हा डब्याकडे आली की पुढे सुरू. कुत्र्याला कळतं की हे आपल्याला थांबवता येतं, आणि ज्याला थांबवता येतं तो कमी घाबरतो. हे करून बघणाऱ्यांना सुरुवातीला वाटतं की असं तर तो कधीच कापू देणार नाही. घडतं ते बहुधा उलटंच.

घाबरल्याच्या खुणा

गुरगुरणं ही फार उशिराची खूण आहे. तिच्याआधी कुत्रा ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, कान मागे घेतो, शेपूट पोटाखाली दाबतो. काही कुत्रे एकदम दगडासारखे गप्प होतात. त्याला शहाणपणा समजू नका, ती भीती असते. मांजराची शेपटी टोकाला झटके देऊ लागली, पाठीची कातडी थरथरली, कान चपटे झाले, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर तिथेच थांबा.

कुत्रा गुरगुरला तर ओरडू नका. गुरगुरून तो आपल्याला वेळेवर सांगतो आहे. ते सांगणं ओरडून बंद पाडलं तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

प्रत्यक्ष कापताना

दमवून आणल्यावर, पोट भरलेलं असताना, घर शांत असताना बसा. आंघोळीनंतर नखं जरा मऊ असतात, म्हणून ती वेळ सोयीची. पण ज्याला आंघोळच आवडत नाही त्याच्यावर एका दिवसात दोन परीक्षा लादू नका.

पाय जसा नैसर्गिकपणे वाकतो तसाच धरा. पुढचा पाय बाजूला ओढला तर खांदा दुखतो आणि मग पंजा का ओढून घेतो ते कळत नाही. मागचा पाय मागच्या दिशेने, थोडासाच उचला. संधिवात असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला आडवं झोपू द्या आणि पंजा जमिनीपासून जेमतेम वर घ्या.

अंगठा गादीवर आणि तर्जनी बोटाच्या वर ठेवून नख किंचित पुढे आणा. आजूबाजूचे केस मागे सारा. कटर साधारण 45 अंशांत धरा, म्हणजे कापल्यावर नखाची सपाट बाजू जमिनीकडे येईल. एका वेळी एक-दोन मिलीमीटरपेक्षा जास्त घेऊ नका. पांढऱ्या नखात गुलाबी भागाच्या अलीकडे दोन मिलीमीटर सोडा.

काळ्या नखांची भीती सगळ्यांना वाटते, पण त्यांनाही वाचता येतं. एकाच पंजात एखादं पांढरं नख असेल तर जिव्हाळी कुठवर आहे याचा अंदाज त्यावरून बांधा. मग नख खालून बघा. टोकाकडे खाली पन्हळीसारखी पोकळी असते. तो पोकळ भाग कापायला हरकत नाही. नख भरीव होतं तिथून सावध व्हा. आता पापुद्र्याएवढे पातळ काप काढा आणि प्रत्येक कापानंतर नखाचं तोंड बघा. सुरुवातीला ते कोरडं, पांढुरकं, खडूसारखं भुसभुशीत दिसतं. मग मधोमध एक गडद, किंचित ओलसर चमकणारा ठिपका उमटतो. तो दिसला की तिथेच थांबायचं, कारण त्याच्या लगेच मागे जिव्हाळी आहे. डोक्यावर बांधायचा टॉर्च असेल तर हे काम खूप सोपं होतं.

अठराच्या अठरा नखं एकाच बैठकीत झाली पाहिजेत असा कुठेही नियम नाही. आज दोन, उद्या दोन, परवा सुट्टी असं चाललं तरी महिनाभरात सगळी नखं आटोक्यात येतात, आणि कुत्रा दर वेळी हसऱ्या चेहऱ्याने उठून जातो. मला तर हीच पद्धत सर्वांत पसंत आहे.

घरात दुसरं माणूस असेल तर त्याने धरायचं काम करू नये, चारायचं करावं. चाटायच्या चटईवर खाऊ पसरून ती समोर ठेवली तर एकट्यालाही जमतं. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी आहे.

चावण्याची भीती असेल तर जाळीचं मुसकं वापरा, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, आणि त्याची सवयही खाऊ देऊन आधीच लावा. फडक्याने तोंड बांधू नका. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो; तोंड बांधलं की तो मार्ग बंद होतो.

कटर कशानेच सहन होत नसेल तर फळीवर सुमारे 80 ग्रिटचा सँडपेपर चिकटवा आणि कुत्र्याला त्यावर पुढचे पंजे ओरबाडायला शिकवा. जमीन खणण्याची हौस असलेले कुत्रे हे चटकन उचलतात. अंगठ्याचं नख मात्र तिथे घासलं जात नाही, ते कापावंच लागतं.

रक्त आलंच तर

काळजी घेणाऱ्याच्या हातूनही हे कधीतरी होतं. दिसतं भयंकर, धोका क्वचितच असतो. आवाज चढवू नका. स्वच्छ फडक्याने टोक दाबा, मग पावडर तळहातावर घेऊन नख त्यात दाबून धरा. दोन-तीन मिनिटं सलग धरायचं. थांबलं का हे बघायला सारखं उचललं तर धरलेली गुठळी निघते. पावडर थोडी झोंबते, म्हणून तो दचकेल. रक्त थांबल्यावर त्याला खाऊ द्या, कटर ठेवून द्या आणि तासभर पळापळ करू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनीही रक्त थांबत नसेल तर पशुवैद्यांना फोन करा. नंतर काही दिवस पुन्हा पहिल्या टप्प्यापासून, नुसत्या स्पर्शाने सुरुवात करा.

मांजराची गोष्ट वेगळी

मांजराला बळजबरीने धरण्यात काही अर्थ नाही. ते झोपाळलेलं असताना मांडीवर घ्या, तोंड आपल्यापासून पलीकडे. बोटाची गादी खालून आणि बोट वरून हलकेच दाबलं की आत ओढलेलं नख बाहेर येतं. ते बहुधा पारदर्शक असतं, त्यामुळे आतला गुलाबी त्रिकोण स्वच्छ दिसतो. त्याच्यापासून दोन मिलीमीटर दूर, फक्त बाकदार अणकुची कापा. पातं असं धरा की नख वरून-खालून कापलं जाईल. आडवं धरलं तर नख चिरतं. बोट सोडलं की नख आपोआप आत जातं, तिथे मांजराला थोडी विश्रांती द्या.

पुढच्या पायाला पाच आणि मागच्याला चार नखं असतात. मागची पुष्कळदा कापावीच लागत नाहीत. पुढची दोन ते चार आठवड्यांनी बघा. दोन नखं झाली आणि मांजर उठून निघालं तर जाऊ द्या. मानगूट पकडून खाली दाबू नका. काही मांजरं टॉवेलमध्ये गुंडाळल्यावर शांत होतात आणि एकेक पंजा बाहेर काढू देतात. काहींना ते मुळीच खपत नाही. तुमचं मांजर कोणत्या गटातलं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

नखं कापली तरी ओरबाडायचा खांब हवाच. ओरबाडताना नखाचं जुनं बाहेरचं टरफल गळून पडतं, अंग ताणलं जातं आणि आपला वास मागे ठेवता येतो. खांबाजवळ नखाच्या आकाराची पोकळ टरफलं सापडली तर घाबरू नका. म्हातारी मांजरं ओरबाडणं कमी करतात, त्यामुळे त्यांची नखं जाड होतात आणि वळून गादीत रुतू शकतात. दहा-बारा वर्षांच्या मांजराचे पंजे म्हणूनच दर आठवड्याला बघावेत.

सोफा वाचवायला मांजराची नखं कायमची काढून टाकणं हा पर्याय मनातही आणू नका. त्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापून टाकतात, आणि अनेक देशांत त्यावर बंदी आहे.

ससे, गिनीपिग, पक्षी

सशाला पाठीवर उताणं करून ‘शांत’ करायची पद्धत अजूनही सांगितली जाते. तो शांत होत नाही, भीतीने गोठतो. त्याला मांडीवर किंवा टेबलावर चटईवर बसवा आणि मागचा भाग कायम आधारात ठेवा. मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली तर त्याचा कणा मोडू शकतो. गिनीपिगला छातीशी धरून, हिरवा पाला खायला देत एकेका पायाची नखं कापता येतात. दोघांनाही महिन्या-दीड महिन्याने. पक्ष्यांच्या अंगात रक्त फार थोडं असतं आणि छाती दाबली गेली तर श्वास घेता येत नाही, म्हणून त्यांची नखं पशुवैद्यांकडूनच कापून घ्या.

घरी न कापता दवाखान्यात कधी न्यावं

नख गादीत रुतलं असेल, मुळाशी चिरलं असेल, बोट सुजलं असेल किंवा पंजाला वास येत असेल तर घरी कटर लावू नका. एकाच वेळी बरीच नखं ठिसूळ होऊन निघू लागली तर तो नखांचा आजार असू शकतो. त्याची तपासणी लागते. रक्त गोठण्याचा विकार असलेल्या प्राण्याची नखंही डॉक्टरांनीच कापलेली बरी.

आणि ज्याची भीती एवढी खोल आहे की कटर दिसताच तो थरथरतो, त्याच्यासाठी डॉक्टर आधी द्यायची शांत करणारी गोळी लिहून देऊ शकतात. गॅबापेंटिन अशा वेळी बरेचदा वापरतात. मात्रा त्यांनीच ठरवायची. घरातली माणसांची औषधं द्यायची नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. अशा प्राण्याला दात साफ करण्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी भूल देणार असतील तर नखंही त्याच वेळी कापायला सांगून ठेवा. नंतर आठ-दहा दिवस फक्त पंजाला हात आणि लगेच खाऊ, एवढंच करा. नखं आखूडच असल्याने तुम्हाला घाई राहत नाही.